पाय कापायला पैसा आहे, गोळीला नाही

(साताऱ्यात तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



मी वक्ता नाही. मॅट्रिक झालेला माणूस आहे. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत काम करतो आणि रात्री अंग शाबूत असलं तर कविता लिहितो. मला वाटलं कविता वाचायला बोलावलंय. इथं आल्यावर कळलं, विषय शुगर-बीपीचा आहे. मी म्हटलं, मग डॉक्टरला बोलवा की. तर आपले मित्र म्हणाले, डॉक्टर रोगाबद्दल बोलेल, रोगावरच्या पैशाबद्दल कोण बोलणार? म्हणून उभा राहिलोय. मी पैशाबद्दल बोलणार आहे. जनतेच्या पैशाबद्दल. तो कुठून येतो, कुणाच्या हातातून जातो आणि आपल्या वस्तीच्या वेशीवर येऊन कुठं गडप होतो, एवढंच.

सुरुवात घरापासून करतो. मी सांगलीच्या पूर्व भागातला. तुमच्याकडं जसं माण-खटाव, तसं आमच्याकडं जत-आटपाडी. माझ्या आयला चाळिशीत शुगर निघाली. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या. मिळायच्या म्हणजे कधी मिळायच्या, कधी नाही. "संपल्यात, पुढच्या महिन्यात या." दवाखाना नऊ किलोमीटर, एसटी दिवसातनं दोनदा. गेलं की दिवस बुडाला, आणि दिवस बुडाला की रोज बुडाला. दोनदा रिकाम्या हातानं परत आली, तिसऱ्यांदा गेलीच नाही. मी मुंबईहून पैसे धाडायचो, ते धाकट्याच्या फीला जायचे. फोनवर विचारलं तर म्हणायची, "मला काय धाड भरलीय?"

मग एक दिवस उसाच्या फडात खुंट पायात घुसला. तिला कळलंच नाही. शुगरनं पायाची जाणीव गेलेली होती. आठ दिवसांनी वास यायला लागला. जिल्ह्याच्या गावाला नेली. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली कापावा लागेल. आणि मित्रांनो, ऑपरेशन फुकट झालं. कार्डावर झालं. शासनाची योजना आहे, एक पैसा लागला नाही.

मी खोटं बोलणार नाही. ते ऑपरेशन झालं नसतं तर आय गेली असती. पण त्या रात्री वॉर्डाबाहेर बाकड्यावर बसून मी हिशेब केला. आयचा पाय कापायला शासनाकडं हजारो रुपये होते. तोच पाय वाचवायला दिवसाला दोन-तीन रुपयांची गोळी पाहिजे होती, ती नव्हती. ही काय भानगड आहे? हा काय हिशेब आहे? तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात घण घालतोय. आज तो तुमच्या डोक्यात घालायला आलोय.

आधी नावाचा निकाल लावू. शुगर, बीपी, हृदयविकार, लकवा, कॅन्सर, दमा. पेपरवाले यांना म्हणतात "जीवनशैलीचे आजार". जीवनशैली! शब्द कसा गुळगुळीत आहे बघा. म्हणजे तुम्ही खाल्लंत, तुम्ही प्यालात, तुम्ही लोळलात, भोगा आता. पूर्वी म्हणायचे गेल्या जन्मीचं पाप. आता म्हणतात जीवनशैली. दोष आपल्याच अंगावर, फक्त भटजीच्या जागी कोट घातलेला माणूस आला.

बाबासाहेबांना मधुमेह होता. तुम्ही सगळे जाणता. बीपी होतं, पायाच्या कळांनी रात्र-रात्र झोप नव्हती, नजर कमी होत गेली. १९४८ साली तब्येत इतकी ढासळली की उपचारासाठी मुंबईला आले, आणि त्याच उपचारातनं डॉक्टर असलेल्या माईंशी लग्न झालं. घरात डॉक्टर असूनही १९५६ साली, पासष्टाव्या वर्षी गेले. याच साताऱ्यात त्यांची आई भीमाबाई वारली, हे पोर आईविना वाढलं, याच साताऱ्याच्या शाळेत १९०० साली नाव घातलं. आता मला सांगा, बाबासाहेबांची जीवनशैली बिघडली होती काय? रात्र-रात्र संविधान लिहीत बसणं ही वाईट सवय होती काय?

जोतीराव फुल्यांचं मूळ गाव तुमच्याच खटाव तालुक्यातलं कटगुण. १८८८ साली त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, तर डाव्या हातानं पुस्तक लिहिलं. आज त्यांच्याच नावाची योजना आहे, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली राजीव गांधींच्या नावानं निघाली, २०१७ साली जोतीरावांचं नाव मिळालं. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं कवच होतं, आता पाच लाखांचं झालंय. चांगलं आहे. पण ती योजना माणूस दवाखान्यात भरती झाल्यावर जागी होते. रोजची गोळी, महिन्याची तपासणी, बीपीचा पट्टा तिच्यात बसत नाही. जोतीरावांच्या नावाची योजना, पण ती जोतीरावांना लकवा मारल्यावर येणार. त्याआधी नाही.

आता जीवनशैलीचं मूळ कुठं आहे ते सांगतो. माझी आय जन्मली १९७३ साली. म्हणजे १९७२ च्या दुष्काळात ती आज्जीच्या पोटात होती. आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. रेशनवर परदेशातनं आलेला मिलो मिळायचा, कामावर सुकडी. तेवढ्यावर आज्जीनं नऊ महिने काढले. आता बघा, पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलात डॉक्टर याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं तपासत आले आहेत. त्यांना दिसलं असं की आपली बाळं जन्मतःच वजनानं हलकी, हातापायानं काटकुळी, पण अंगात चरबी धरून ठेवलेली. पोटात उपासमार सोसलेलं शरीर येईल ते साठवायला शिकतं. आणि असलं शरीर पुढं शुगरला लवकर बळी पडतं.

कळलं का? भूक आणि शुगर एकमेकींच्या वैरिणी नाहीत. मायलेकी आहेत. आज्जीच्या पोटातली भूक आयच्या रक्तात शुगर होऊन आली. आणि आय जगली कशावर? कृष्णाकाठच्या उसावर. आमच्या सांगली-साताऱ्याला साखरपट्टा म्हणतात. कारखान्याला शासनाचं भागभांडवल, कर्जाला शासनाची हमी. साखर करायला जनतेचा पैसा आहे. त्या उसात राबणाऱ्या बाईच्या रक्तातली साखर मोजायला नाही.

डॉक्टर म्हणाले, भात-चपाती कमी करा, ज्वारी खा, पालेभाजी खा, कडधान्य खा. मी म्हटलं साहेब, रेशनवर काय मिळतं ते बघा. तांदूळ आणि गहू. ज्वारी बाजारात विकत घ्यावी लागते, आणि जो भाव आहे त्यात ज्वारी पिकवणाराच तांदूळ खातो. ही आमची जीवनशैली. ही आम्ही निवडली नाही, आम्हाला मोजून दिली गेली.

आता शासन काहीच करत नाही असं म्हणू नका, म्हटलं तर खोटं पडाल. शत्रूचा कागद वाचायला शिका. २०१० साली केंद्रानं कॅन्सर, मधुमेह, हृदयविकार आणि लकव्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम काढला. २०२३ साली त्याचं नाव बदलून असंसर्गजन्य रोगांचा कार्यक्रम केलं. पैसा केंद्राचा साठ टक्के, राज्याचा चाळीस. तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाची तपासणी करायची. त्यासाठी आशाताई घरोघर फॉर्म घेऊन फिरते. एका फॉर्मला तिला दहा रुपये ठरवले. दहा रुपये! चहा आणि बिस्किटाचे.

मी तो फॉर्म वाचलाय. वय किती, तंबाखू खाता का, दारू पिता का, कंबर किती. बाईची ऐंशी सेंटिमीटरच्या आत पाहिजे, बाप्याची नव्वदच्या. आणि एक प्रश्न आहे : आठवड्यातनं दीडशे मिनिटं अंगमेहनत करता का? माझ्या टोळीतल्या एका गड्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दीडशे मिनिटं? आरं ती तर पहिल्या चहाच्या आधीच हुत्यात!" चाळिशीचा गडी. गेल्या पावसाळ्यात जहाजाच्या पोटात गोण्या लावता-लावता डोकं धरून बसला. बीपी फुटलं. तोंड वाकडं झालं. ठेकेदार म्हणाला, हा अपघात नाही, आजार आहे, भरपाई मिळत नाही. गोणी पायावर पडली असती तर अपघात. गोण्या वाहून-वाहून डोक्यातली शीर फुटली तर ती त्याची खाजगी बाब.

त्या फॉर्ममध्ये काय विचारलेलं नाही ते सांगू? शेवटची गोळी कधी मिळाली हे नाही. दवाखाना किती लांब हे नाही. रोज बुडवून तपासायला येणं परवडतं का हे नाही. फॉर्म आपली कंबर मोजतो, शासनाचा हात मोजत नाही.

आणि हे दोन-चार माणसांचं दुखणं नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी २०२३ साली देशभराची पाहणी छापली. देशात दहा कोटींच्या वर माणसांना मधुमेह आणि एकतीस कोटींच्या वर माणसांना बीपी. १९९० साली देशातल्या शंभर मरणांपैकी अडतीस असल्या रोगांची होती. २०१६ साली बासष्ट झाली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहून ठेवलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करू, आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा जास्त पहिल्या पायरीवर, म्हणजे गावातल्या दवाखान्यावर घालू. २०२५ उलटलं. अडीच टक्के गाठले नाहीत. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी आरोग्याचे सत्तर हजार एकावन्न कोटी रुपये स्थानिक संस्थांमार्फत द्यायला सांगितले. ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा, नगरपालिका यांच्यामार्फत. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होतं? हात वर करा. बघा. एकही नाही. मलाही परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

सरकारी भाषेत या रोगांना "असंसर्गजन्य" म्हणतात. साध्या मराठीत, शिवल्यानं न होणारे. एकाचा दुसऱ्याला लागत नाहीत. मला वाटतं सगळी मेख इथं आहे. जो रोग शिवत नाही, त्याला व्यवस्थाही शिवत नाही. कॉलरा झाला, प्लेग झाला, तर तो वस्तीतनं वाड्यात जाईल या भीतीनं पैसा येतो. शुगर वस्तीतल्या वस्तीत मरते. तिची भीती वाड्याला नाही.

याचा पुरावा आपल्या सांगलीतच आहे. १९९२ साली सांगलीत संग्राम संस्थेनं वेश्यावस्तीत एड्सविरुद्ध काम सुरू केलं. १९९६ साली तिथल्या बायांनी स्वतःची संघटना उभी केली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, लोक तिला व्हॅम्प म्हणतात. या बाया कोण? त्यांतल्या कितीतरी सीमाभागातल्या देवदासी. आपल्याच जातींतल्या. आपल्याच बहिणी, ज्यांना आपण सभेला बोलावत नाही. बाहेरचा कार्यकर्ता येऊन यांना शिकवणार ही पद्धत त्यांनी उलटी केली. बाईनंच बाईला निरोध द्यायचा, बाईनंच बाईला दवाखान्यात न्यायचं, पोलिसांशी भांडायचं, पैशाचा हिशेब मांडायचा. २००५ साली अमेरिकेचा पैसा आला तो अट घेऊन आला की वेश्याव्यवसायाचा निषेध करतो असं लिहून द्या. संग्रामनं तो पैसा नाकारला. आपल्याच माणसांविरुद्ध सही करून पैसा नको म्हणाले. पोटाला चिमटा बसला, पण मान वाकवली नाही.

आणि २००४ पासून एचआयव्हीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला लागल्या. हा रोग जन्मभराचा. गोळी जन्मभराची. दर महिन्याला नाव, दर महिन्याला गोळी, समजावून सांगायला माणूस, आणि महिना चुकला तर विचारपूस. गरिबातल्या गरीब, सगळ्यांनी हाकललेल्या माणसांपर्यंत हे पोचलं. सगळं सुरळीत आहे असं नाही. पण होऊ शकतं हे सिद्ध झालं. मग जन्मभराची गोळी शुगरवाल्या म्हातारीपर्यंत का पोचत नाही? एचआयव्हीवाले लढले म्हणून मिळालं. आपण शुगरसाठी कधी लढलो?

दुसरा पुरावा तुमच्या साताऱ्यातला. देशात बीपी आटोक्यात आणायचा जो नवा कार्यक्रम २०१७-१८ साली निवडक जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे होते भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि सातारा. त्यात जादू काही नाही. ठरलेल्या दोन-तीन स्वस्त गोळ्या, सगळ्या दवाखान्यांत त्याच. गोळ्यांचा साठा आधीच भरून ठेवायचा. पट्टा लावायचं काम नर्सनं करायचं, डॉक्टरची वाट बघत बसायचं नाही. तीस दिवसांच्या गोळ्या एकदम द्यायच्या, घराजवळच्या उपकेंद्रात द्यायच्या. प्रत्येक रोग्याची नोंद ठेवायची आणि जो आला नाही त्याला शोधायचं. एवढंच. या कार्यक्रमाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचं बक्षीस मिळालं. म्हणजे कसं करायचं हे त्यांना येतं. येत नाही असं नाही. प्रश्न आहे ते शेवटच्या वस्तीपर्यंत जातंय की नाही हे बघायला तिथं कोण उभं आहे?

इथं मी आपल्याकडं वळतो. आतापर्यंत टाळ्या वाजवल्यात, आता जरा कान पकडून घ्या.

आपल्या हक्काचा पैसा आहे. १९७९ पासून विशेष घटक योजना, पुढं तिचं नाव अनुसूचित जाती उपयोजना झालं. तत्त्व असं की लोकसंख्येत जेवढा वाटा, तेवढा वाटा नियोजनाच्या पैशात. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत आपण शंभरात जवळजवळ बारा. जिल्हा नियोजन समितीत या पैशाचा वेगळा आराखडा होतो. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे, जिल्हा परिषदेनं वीस टक्के. शिवाय गावच्या आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजार रुपये ठरवलेले. आंध्र आणि कर्नाटकानं २०१३ सालीच उपयोजनेचा कायदा केला. महाराष्ट्रात, फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात, असा कायदा नाही. म्हणून २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचे चारशे दहा कोटींहून जास्त रुपये लाडकी बहीण योजनेसाठी वळवले गेले आणि त्या खात्याच्या मंत्र्यालाच जाहीर तक्रार करायची पाळी आली. आमचं भांडण बहिणीशी नाही, बहिणीला मिळायलाच पाहिजे. पण एका बहिणीच्या पदरात टाकायला दुसऱ्या बहिणीच्या पदरातलं का काढता?

आणि जो पैसा वस्तीत येतो त्याचं आपण काय मागतो? रस्ता, गटार, दिवे, समाजमंदिर, कमान. रस्ता-गटार पाहिजेच. कमानीबद्दल मला चेष्टा करायची नाही. २०२३ साली मिरज तालुक्यातल्या बेडगमध्ये बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली, तेव्हा आपली माणसं घराला कुलूप लावून पोराबाळांसह मुंबईकडं चालत निघाली. मी त्यांना सलाम करतो. ती कमान दगड-विटांची नव्हती, मानेची होती.

पण मी विचारतो, गोळीसाठी आपण कधी चाललो का? आय-बापाच्या वस्तीतल्या शुगर-बीपीवाल्यांची यादी आपल्याकडं आहे का? जयंतीच्या वर्गणीची यादी आहे. समाजमंदिराला वर्षातनं तीनशे दिवस कुलूप असतं. चौदा एप्रिलला उघडतं, सहा डिसेंबरला उघडतं, मधल्या काळात पत्ते उघडतात. जयंतीच्या रात्री आपणच डीजे लावतो आणि छातीत कळ येणाऱ्या म्हाताऱ्याचं दार धडधडवतो. आणि आपल्या बाया? सकाळी तोंडात मिश्री, दुपारी मिश्री. गालात गाठ आली तरी कुणाला दाखवायची नाही. गुटखाबंदी २०१२ साली झाली, पण पुडी कोपऱ्यावर मिळतेच, आणि खाणारी आपलीच पोरं असतात. जीवनशैली हा शब्द मला मान्य नाही. पण व्यसनाला क्रांतीचं नाव देणंही मला मान्य नाही.

काही मित्र म्हणतील, हे काय एनजीओचं काम काढलंस? आपण व्यवस्था बदलायला निघालोय, बीपीचे पट्टे लावायला नाही. मी त्यांना विचारतो, व्यवस्था बदलेपर्यंत तुमची आय जगली पाहिजे की नको? आणि जनतेचा पैसा मागणं ही भीक नाही. काडीपेटीवर आपण कर भरतो, साबणावर भरतो, चपलेवर भरतो. माझी आय आता एकच चप्पल वापरते, पण कर जोडीचा भरते. तो पैसा आपलाच आहे. एनजीओवाला तीन वर्षांचा प्रकल्प घेऊन येतो, फोटो काढतो आणि निधी संपला की निघून जातो. शुगर तीन वर्षांत निघून जात नाही. म्हणून आपल्याला प्रकल्प नको, तरतूद पाहिजे. दरवर्षीची, कायद्यानं बांधलेली, आणि वस्तीच्या डोळ्यासमोर खर्च होणारी.

किती लागतील? मी गोदीतला माणूस आहे, गोण्या मोजायची सवय आहे. धरा एका गावच्या वस्तीत आणि आसपास मिळून शंभर रोगी. एकाला दिवसाला तीन रुपयांच्या गोळ्या धरा. वर्षाचे एक लाख नऊ हजार पाचशे. वस्तीतलीच एक शिकलेली पोरगी, पट्टा लावायला, बोटातनं थेंब काढून शुगर बघायला, घरी जाऊन विचारायला. तिला महिन्याला पाच हजार धरा, वर्षाचे साठ हजार. झाले एक लाख एकोणसत्तर हजार पाचशे. मशीन आणि पट्ट्या वरनं. पोरीला पाच हजार मीही कमीच धरलेत, लाज वाटते. पण एवढ्यात शंभर माणसांचं वर्ष निघतं. यापेक्षा महागडी कमान मी पाहिली आहे. यापेक्षा महागडा डीजेही पाहिलाय.

आता काय करायचं ते सांगतो आणि थांबतो.

एक. या रविवारी आपापल्या वस्तीत जा आणि यादी करा. कुणाला शुगर, कुणाला बीपी, शेवटची गोळी कधी मिळाली, कितीदा रिकाम्या हातानं परत आले. शासनाच्या फॉर्ममध्ये नसलेले प्रश्न आपण विचारायचे. आशाताईला बरोबर घ्या. ती आपली शत्रू नाही, तीही दहा रुपयाला राबणारी बाई आहे.

दोन. समाजमंदिराचं कुलूप काढा. आठवड्यातनं एक दिवस तिथं बीपी आणि शुगर बघितली गेली पाहिजे. उपकेंद्राच्या नर्सबाईंना तिथं बसायला लेखी मागणी करा. बाबासाहेबांच्या फोटोखाली याच्यापेक्षा पवित्र काम होणार नाही.

तीन. यादी घेऊन ग्रामसभेत उभे राहा. पंधरा टक्के कुठं गेले विचारा. आरोग्य समितीच्या दहा हजारांचं पासबुक बघायला मागा. शहरात असाल तर नगरपालिकेत विचारा. नाही दिलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. जो आकडा मिळेल तो समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवा.

चार. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांकडं एकच मागणी करायची. उपयोजनेच्या पैशातनं वस्ती-आरोग्याचं वेगळं खातं उघडा. आणि राज्याकडं मागणी, उपयोजनेचा कायदा करा, पैसा वळवायला बंदी घाला. मात्र त्या पैशानं सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांची जबाबदारी संपली असं होऊ द्यायचं नाही. आपल्या वाट्याचा पैसा दवाखान्यातल्या भोकाला ठिगळ लावायला नाही, त्याच्यावरचा आहे.

पाच. हे सगळं करताना सांगलीच्या त्या बायांकडं शिकायला जायचं. मान खाली घालून जायचं. आपल्याआधी त्यांनी करून दाखवलंय.

परवा गावी गेलो होतो. आय उंबऱ्यात बसली होती, कुबडी शेजारी. मी म्हटलं, आय, साताऱ्याला भाषण करायला चाललोय, शुगरवर. ती हसली. म्हणाली, "भाषाण कर बाबा. पर शेजारची पारू दोन महिनं झालं बिनगोळीची हाय. तिचं काय करतूस त्ये आदी सांग."

मित्रांनो, माझ्याजवळ उत्तर नव्हतं. गोळ्या मी विकत आणून दिल्या, पण ते उत्तर नाही. पुढच्या महिन्यात कोण देणार? ते उत्तर आपण इथं बसलेल्यांनी मिळून द्यायचं आहे.

पारूबाईचे दोन्ही पाय अजून शाबूत आहेत. ते शाबूत राहिले पाहिजेत.

जय भीम.